ट्रक आधी पोचतो

सकाळचे साडेनऊ. भंडीशेगावच्या शिवारात, मोठा रस्ता सोडून थोडं आत, एक मोकळं रान आहे. मालकाने कडवळ काढल्यावर त्यात काही पेरलेलं नाही. एका अंगाला कमरेएवढा ऊस, बांधावर लिंबाची दोन झाडं, कोपऱ्यात विहीर आणि मोटरीची खोली. आषाढी एकादशी तीन दिवसांवर आली आहे. वेळापूरहून निघालेली माउलींची पालखी अजून ठाकुरबुवांच्या समाधीजवळच्या रिंगणात असेल. दुपारचं जेवण तोंडले-बोंडल्याला, मग टप्पा नावाच्या ठिकाणी सोपानकाकांच्या पालखीची भेट आणि त्यानंतर इकडे. म्हणजे माणसं यायला संध्याकाळ होणार. दिंडीचा ट्रक मात्र आत्ताच बांधाशी येऊन रानात वळतोय.

"मागं घ्या, मागं! काळं रान हाय ते," दिंडीचे व्यवस्थापक अण्णा हात वर करून ओरडतात. ड्रायव्हरमामा खिडकीतून मान काढून आभाळाकडे बघतात. ढगाचा टिपूस नाही. तरी ते मुकाट्याने ट्रक मागे घेतात आणि बांधालगतच्या मुरमाड पट्ट्यावर, तोंड रस्त्याकडे करून उभा करतात.

"दिवसा कोरडं दिसतं," अण्णा माझ्याकडे वळून सांगतात. "रात्री एक सर आली की चाकं रुततात. मग पहाटे तीनला ट्रॅक्टर कुणाच्या दारात मागायचा?"

वारीची सगळी सोय कुणीतरी वरून करत असेल, असा बाहेरच्या माणसाचा समज असतो. सरकारचा हात आहे, नाही असं नाही. आळंदी-पंढरपूर रस्ता आता बराचसा चौपदरी राष्ट्रीय महामार्ग झाला आहे, पोलीस आहेत, दवाखाने आहेत, तळाजवळ फिरत्या शौचालयांच्या रांगा लागतात. २०२४ मध्ये सरकारने दिंड्यांना प्रत्येकी २० हजार रुपयांचं अनुदानही जाहीर केलं. चालण्याचा क्रम सोहळ्याच्या परंपरेने ठरलेला असतो. पण झोपायला जागा, डोक्यावर कापड आणि पत्रावळीत भात, हे ज्या त्या दिंडीने आपलं आपण बघायचं. रथापुढे २७ दिंड्या, रथामागे दोनशेहून अधिक. प्रत्येकीचा विणेकरी वेगळा, आचारी वेगळा, ट्रक वेगळा आणि हिशोबाची वहीही वेगळी. येणारा वारकरी भिशी भरतो आणि त्या पैशांत पंधरा-वीस दिवस एक छोटं गाव रोज उठून दुसऱ्या शेतात वसवलं जातं. सोहळ्याला हे रूप एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी दिलं. ते शिंद्यांच्या पदरी होते, फौजेचा तळ कसा पडतो आणि कसा उठतो हे त्यांनी पाहिलेलं होतं. अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व आजही माउलींबरोबर चालतात. या रानातही आता जे चाललंय ते तळ टाकण्याचंच काम आहे.

अण्णा आधी रानातून एक चक्कर मारतात. कुठे पाणी साचेल, उतार कुणीकडे आहे, धसकटं कुठे जास्त आहेत, हे पायाने चाचपत जातात. मालक बरोबर आहेत. ही दिंडी त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून याच रानात उतरते, त्यामुळे बोलणं ठरलेलंच आहे. तरी मालक एक गोष्ट पुन्हा सांगतात.

"अण्णा, खुट्ट्या मोजून घ्या बरं का. गेल्या साली कुणाची तरी एक ऱ्हायली आन् माझ्या रोटाव्हेटरची दोन पाती गेली."

"आमची नव्हती ती, दादा. पण मोजतो."

खरोखरच मोजतात. ट्रकमधून लोखंडी खुंट्यांचं पोतं खाली येतं, एका राहुटीच्या बारा याप्रमाणे ढिगाऱ्या लागतात आणि आकडा वहीत पडतो. पहाटे राहुट्या उतरवल्यावर तेवढ्याच पोत्यात परत गेल्या पाहिजेत. शेतात मुक्काम करणाऱ्याने शेतकऱ्याला द्यायची पहिली भिशी हीच.

राहुटी उभी करणं चार माणसांचं काम. दोघे खांब धरतात, दोघे दोर ताणतात. काळ्या मातीचा वरचा थर भेगाळलेला, कडक. त्याखाली ती लोण्यासारखी. आखूड खुंटी वरवर पक्की बसल्यासारखी वाटते आणि रात्री वाऱ्याच्या पहिल्या झोताला उपसून येते. म्हणून इथे हातभर लांब खुंट्या लागतात, आणि त्या सरळ न ठोकता राहुटीच्या उलट दिशेला कललेल्या ठोकायच्या. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, तेव्हा सगळ्या राहुट्यांची तोंडं पूर्वेला. प्रत्येकीवर ऑइलपेंटने आकडा घातलेला आहे आणि आळंदीला ज्या क्रमाने त्या उभ्या राहिल्या त्याच क्रमाने इथेही उभ्या राहतात. संध्याकाळी पाय ओढत आलेल्या माणसाने "माझी राहुटी कुठं?" असं विचारायची वेळ येऊ नये, यासाठी.

मग चर. प्रत्येक राहुटीभोवती वीतभर खोल, उताराकडे तोंड असलेला, आणि निघालेली माती राहुटीच्या अंगाला दाबलेली. आभाळ निरभ्र असताना कुदळ मारायचा कंटाळा येतो. पोरं कुरकुरतात. अण्णा काही बोलत नाहीत, स्वतःच कुदळ उचलतात. दोन मिनिटांत बाकीचे येतात.

ट्रकमधून आज एक जादा माणूस उतरलाय. पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारा तिशीतला तरुण. पहिलीच वारी. वारीसाठी म्हणून त्याने चांगले महागाचे बूट घेतले, ते आळंदीला पहिल्यांदा पायात घातले आणि आता दोन्ही टाचा सोलवटून निघाल्यात. काल वेळापूरच्या तळावर पट्टी बांधून घेतली, डॉक्टरांनी आजचा दिवस चालायला मनाई केली. तेव्हा तो अण्णांच्या हाताखाली. पहिलं काम मिळतं पिशव्या उतरवण्याचं.

ट्रकच्या फाळक्यापासून राहुट्यांपर्यंत सहा जणांची साखळी होते. वरचा पोरगा पिशवीवरचा आकडा मोठ्याने वाचतो, पिशवी हातोहात जाते आणि त्या आकड्याच्या राहुटीत पडते. सुरुवातीला गंमत वाटते. चाळीसएक पिशव्या झाल्यावर गंमत संपते. कुठली पिशवी कशी आहे ते हातांना कळायला लागतं. कापडी वळकट्या झेलायला सोप्या. पाठीवरच्या सॅक त्याहून सोप्या. मग येते चाकांची मोठी बॅग. फोडलेल्या ढेकळांत तिच्या चाकांचा काय उपयोग? ती दोघांनी उचलायची, आणि तिला धरायला धड जागा नाही. तरुण ती घेताना वाकतो, टाचेत कळ जाते, तोंडातून "आई गं" निघतं.

"कुणाची आहे ही?"

वरचा पोरगा आकडा वाचतो. त्याचीच असते.

साखळीतले सगळे हसतात. तोही हसतो, पण बॅग राहुटीत नेऊन ठेवल्यावर तिच्याकडे जरा वेळ बघत उभा राहतो.

अकराच्या सुमारास चहा होतो. चूल सांभाळणाऱ्या मावशी बार्शीकडच्या, साठी ओलांडलेल्या. त्या तरुणाला बोलावतात, म्हणतात, "आन तुझी ब्याग हिकडं, बघू दे." लिंबाखाली बॅग उघडली जाते. जीनच्या तीन पँटी, एक जाड टॉवेल, शाम्पूची मोठी बाटली, घडीची खुर्ची, दोन पुस्तकं, काजूबदामांचा डबा आणि एक नवी कोरी सोलापुरी चादर. चादर बघून मावशी कपाळाला हात लावतात.

"सोलापूरची हाय म्हून घेतलीस व्हय? घरी पांघरायला झ्याक. हितं भिजली की दोन दिस वाळत न्हाई, आन् वझं केवढं!"

मग त्या स्वतःची पिशवी दाखवतात. जाड कापडाची, तोंडाला नाडी, कडेला लाल फडक्याची चिंधी बांधलेली. अंधारात सारख्या दिसणाऱ्या पिशव्यांत हात घातला की चिंधी बोटांना लागते. आत दोन लुगडी, तिसरं अंगावर. एक जुनं, धुऊन धुऊन पातळ झालेलं चवाळं, अंथरायला. पांघरायला हलकी रजई. अंग पुसायला पंचा, तो तासाभरात वाळतो. दोन माणसं मावतील एवढा प्लास्टिकचा कागद: पाऊस आला की डोक्यावर, रात्री चवाळ्याखाली. ताट, वाटी, तांब्या, तिन्ही स्टीलचे आणि तिन्हींवर नाव कोरलेलं. सेलवरची विजेरी. सुईदोरा. खोबरेलाची छोटी बाटली. गोळ्यांची पुडी, तिच्यात डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स घडी करून ठेवलेली. मिठासाखरेच्या पाण्याची पाकिटं. आणि एका फडक्यात कडक भाकऱ्या नि शेंगाचटणीची पुडी.

या शेवटच्या दोन वस्तू सोलापूर जिल्ह्याने प्रवाशाला दिलेली खरी देणगी. कडक भाकरी पापडासारखी कोरडी असते, दिवसेंदिवस टिकते. चटणीला ना फ्रीज लागतो ना डबा. मावशींना साखरेचा त्रास आहे. पंगतीला उशीर झाला तर चालता चालता अर्धी भाकरी मोडून खातात.

"खोबरेल कशाला?" तरुण विचारतो.

"पायाला. रोज रातच्याला, बोटांच्या मधी. आन् मांड्या घासत्यात त्यालाबी." मावशी हे सगळ्यांसमोर बिनदिक्कत सांगतात. "बूट घालायचे तर घरी म्हैनाभर घालून फिरायचं. न्हाईतर जुनी चप्पल बरी. आन् सकाळी पायात घालायच्या आधी झाडायची. ह्या भेगांत इच्चू असत्यात."

तरुण खिशातून वही काढून लिहून घ्यायला लागतो. शेजारी बसलेले पखवाजी सांगतात, "एक राहिलं, माउली. पिशवीवर नुसता दिंडीचा नंबर टाकून भागत नाही. रथापुढं की रथामागं, तेही लिहायचं. एकच नंबर दोन्हीकडं असतो. आमचं एक गाठोडं मागं दुसऱ्याच दिंडीच्या ट्रकवरनं पंढरपूर फिरून आलं."

दुपारी बारानंतर रान तापतं. ढग येतात, जातात. आता स्वयंपाकाची बाजू उभी राहते. तिचं कापड चारी बाजूंनी उघडं, वाऱ्याच्या अंगाला पत्रे लावलेले, सिलिंडर राहुट्यांपासून लांब, बांधाकडे. पिण्याच्या पाण्याची पिंपं वेगळी, झाकण असलेली, आणि त्यांत मेडिक्लोर मोजून टाकायचं काम एकाच माणसाकडे. सगळ्यांनी टाकायचं म्हटलं की कुणीच टाकत नाही किंवा दोघे टाकतात, असा अण्णांचा अनुभव. पिंपातून तांब्या बुडवून पाणी घ्यायचं नाही, तोटीखाली धरायचा. एवढा एक नियम मोडला तर पुढच्या दोन मुक्कामांवर जुलाबाने माणसं आडवी होतात.

विहिरीला पाणी आहे, पण मोटर चालायला वीज हवी आणि शेतीची वीज पाळीने येते. या आठवड्यात पाळी रात्रीची. म्हणून दिंडीचा टँकर काल मध्यरात्रीच माळशिरसकडून भरून निघालाय आणि मालकांनीही रात्री जागून आपला हौद भरून ठेवलाय. मोबाइलच्या चार्जिंगचाही हाच प्रश्न. जनरेटर संध्याकाळी तीन तास चालतो, त्यावर प्लगांचा एक बोर्ड. नाव लिहिलेल्या चार्जरलाच जागा मिळते. घरून जाताना चार्जरवर कागदाची पट्टी डकवायला दोन मिनिटं लागतात, इथे तिच्यावाचून अर्धा तास वाद होतो.

टँकरच्या मागे, उसाच्या कडेला, ताडपत्रीचा आडोसा उभा राहतो. बायकांच्या अंघोळीसाठी. तो कुठे असावा हे अण्णा ठरवत नाहीत, मावशी आणि आणखी दोघी जणी ठरवतात. पाण्याजवळ हवा, वाटेवर नको, आणि जाता-येता उजेडाचा एक दिवा हवा. पहाटे दोनला बायकांचा नंबर सुरू होतो, तीननंतर पुरुषांचा. पहिल्यांदा येणाऱ्या मुलींना मावशी आणखी एक सांगतात: अंघोळीचे कपडे रात्रीच वेगळे काढून उशाशी ठेवायचे, काळोखात पिशवी उपसत बसायचं नाही. पाळी येणार असेल तर लागणारं सामान घरूनच आणायचं आणि वापरलेलं कागदात गुंडाळून कचऱ्याच्या गोणीतच टाकायचं, उसात नाही. मालक जवळच उभे असतात, ते मान हलवतात. ऊस त्यांचा आहे.

चारला पहिल्यांदा टाळांचा आवाज येतो, लांबून. मग रस्ता भरून माणूस वाहायला लागतं. आपली दिंडी पालखीबरोबर तळावर जाते, कारण समाजआरती झाल्याशिवाय कुणी मुक्कामाकडे वळत नाही. मीही तळावर जातो.

तळावर दिंड्या पालखीभोवती ओळी धरून उभ्या आहेत. टाळांचा कल्लोळ चाललेला. चोपदार चोप उंच करतात आणि एवढ्या मोठ्या जमावात एकाएकी शांतता पसरते. एका कोपऱ्यात मात्र एका दिंडीचे टाळ वाजतच राहतात. तिची काही तक्रार आहे. तक्रार सांगायची इथली रीत हीच. चोपदार तिकडे जातात, ऐकून घेतात, टाळ थांबतात. मग हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तूंचा पुकारा होतो. एक चष्मा सापडलाय. एक पाकीट सापडलंय, आत आधार कार्ड आहे, नाव वाचून दाखवतात. एक पिशवी सापडलीय, तिच्यावर काहीही लिहिलेलं नाही. चष्म्याचा आणि पाकिटाचा मालक पुढे येतो. पिशवी तशीच राहते. उद्या किती वाजता निघायचं ते सांगतात, आरती होते, आणि दिंड्या आपापल्या रानांकडे पांगतात.

आपल्या रानात दोनशे माणसं शिरतात आणि दहा मिनिटांत जिरतात. कुणी काही विचारत नाही. ज्याचा जो आकडा, त्या राहुटीत तो. आत पिशव्या रांगेने ठेवलेल्या. पाय धुतले जातात, खोबरेलाचा वास सुटतो, वाळायला टाकलेल्या पंचांनी दोर भरून जातात. गावातून भाकऱ्यांच्या दुरड्या येतात. भंडीशेगावच्या घराघरांत आज दुपारपासून भाकऱ्या थापल्या जाताहेत. पंगत बसते. वाढायला उभ्या असलेल्यांत तो तरुणही आहे, लंगडत, हातात आमटीची बादली.

साडेआठला पावसाची सर येते. मोठी नाही, पण वीस मिनिटं पुरते. चरांतून पाणी उताराकडे धावतं. राहुट्यांत कोरडं आहे. पलीकडच्या रानात दुसऱ्या एका दिंडीने चर मारलेले नाहीत, तिथून अंथरुणं उचलल्याचा गलका ऐकू येतो. अण्णा दोन पोरांना कुदळी देऊन तिकडे पाठवतात.

झोपण्यापूर्वी तरुण अण्णांना विचारतो, वाखरीला उद्या त्याचा चुलता भेटायला येणार आहे, त्याच्याबरोबर बॅग परत पाठवली तर चालेल का? एक सॅक तेवढी ठेवून घेईन. अण्णा म्हणतात, "पाठवा की. पोरांचा दुवा मिळेल तुम्हाला."

पहाटे अडीचला शिट्टी होते. विजेऱ्या लागतात. वळकट्या आवळल्या जातात, राहुट्या खाली येतात, साखळी पुन्हा उभी राहते, या वेळी उलट दिशेने. चरांची माती पायाने परत लोटली जाते. कचऱ्याच्या गोण्या मोजून ट्रकवर चढतात. खुंट्या मोजताना एक कमी भरते. सात जण विजेऱ्या घेऊन गुडघ्यांवर बसतात आणि ती चिखलात सापडेपर्यंत ट्रक हलत नाही. मुरमावर उभा असल्याने तो पहिल्या झटक्यात निघतो.

पुढच्या वर्षी तुम्हाला एखाद्या दिंडीबरोबर चालायचं असेल तर प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून असतं हे धरून महिना-दीड महिना आधी दिंडीप्रमुखांना भेटा, भिशी भरा, तुमची औषधं आणि आजार त्यांना सांगून ठेवा आणि ज्या चपलांनी चालणार त्या तेव्हापासूनच पायात घाला. पिशवी भरून झाली की ती डोक्यावर घेऊन घराचा जिना एकदा चढा-उतरा. वाटेत ती तुम्हाला उचलावी लागणार नाही, ट्रक आहे. पण ट्रकवर ती रोज दोनदा दुसरा कुणीतरी चढवतो-उतरवतो, आणि त्यातली एक वेळ पहाटे तीनची असते. जिन्यावर जे जड वाटेल, ते घरीच ठेवा.